‘नंतर पस्तावशील’ म्हणणारी माणसं

किस्से साठतात कसे, हे मला आता पक्कं कळलंय. जे त्या वेळी समोरच्याच्या तोंडावर बोलता आलं नाही, त्याचा किस्सा होतो. बोलून टाकलं असतं तर भांडण झालं असतं, चार दिवस अबोला झाला असता आणि विषय संपला असता. पण आपण गिळतो. मग कधीतरी चार मैत्रिणी बसतात, कुणीतरी ‘काय गं, कसं चाललंय?’ विचारतं, आणि ते सगळं बाहेर येतं. ऐकणारे हसतात. हसा बापडे! मी मात्र सांगताना चिडलेलीच असते, हे आधीच सांगून ठेवते.

मी नगरला, केडगावात, स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये रिझनिंग शिकवते. त्यात माझा खास विषय म्हणजे ‘विधान आणि गृहीतक’. माणूस एक वाक्य बोलतो, त्यावरून दुसरं काढतो, आणि मधलं एक वाक्य न बोलताच धरून चालतो. ते न बोललेलं वाक्य शोधायचं. मुलं त्याला ‘असम्प्शन’ म्हणतात. परीक्षेत त्यावर एखाददुसरा प्रश्न येतो. बाहेर मात्र दिवसभर तेच चालू असतं. आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त चालणारं वाक्य एकच आहे, ‘असं करू नकोस, नंतर पस्तावशील!’

ह्या एका वाक्यावर मी आयुष्यात जेवढी चिडले आहे, तेवढी कशावरच नाही.

* * *

आमचे संचालक दरंदले सर. माणूस उत्साही, आवाज मोठा, आणि स्वतः प्रश्न तयार करायची भारी हौस. एकदा त्यांनी माझ्या तासाला स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं, ‘ज्यांनी मनासारखं केलं, ते पुढे पस्तावले. म्हणून मनासारखं करू नये. यातलं गृहीतक ओळखा.’ आणि हाताची घडी घालून मागे जाऊन उभे राहिले.

पहिला हात गणेशचा. हा शेवगावकडचा, बरीच वर्षं क्लासमध्ये असलेला आमचा जुना विद्यार्थी.

“मॅडम, मोठ्यांचं ऐकावं!”

“गणेश, हे गृहीतक नाही. हे तुझ्या काकांचं व्हॉट्सॲप स्टेटस आहे.”

वर्ग हसला. मग सुप्रियाने हात वर केला. सुप्रिया कोपरगावजवळच्या एका खेड्यातली. केडगावात तीन मुलींबरोबर खोली करून राहायची. बोलायची कमी, पण बोलायला लागली की उभी राहून बोलायची.

“मॅडम, यात असं धरलंय की ज्यांनी मनासारखं केलं नाही, ते पस्तावलेच नाहीत.”

मला वाटतं, प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापल्या घरातली एकेक बाई येऊन गेली असावी.

सुप्रिया तेवढ्यावर थांबली नाही. “आणि मॅडम, त्या लोकांना कुणी विचारायला तरी गेलंय का?”

मी मागे बघितलं. दरंदले सर विचारात पडले होते. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “उत्तर एकदम करेक्ट आहे. पण पालक मेळाव्यात हा प्रश्न घेऊ नका!”

* * *

ह्याच दरंदले सरांनी पुणे रोडला एक फ्लेक्स लावला होता. सूट घातलेले सर, बोट आपल्याकडे रोखलेलं, आणि खाली लाल अक्षरं, ‘आज झोपाल तर उद्या पस्तावाल!’

गणेशचा निकाल लागला त्या दिवशीची गोष्ट. थोडक्यात राहिला. आधीही थोडक्यातच राहिला होता. त्याच्याबरोबरच्यांची लग्नं झाली, कुणी तलाठी झालं, कुणी दुकान टाकलं. हा खोलीतच. सख्ख्या भावाच्या हळदीला गेला नाही, कारण टेस्ट सिरीज चालू होती. आजी आजारी होती तेव्हा गेला नाही, कारण पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली. गेला तो थेट आजीच्या दहाव्याला.

तो ऑफिसात आला. मी तिथेच खडू घेत होते. खिडकीतून फ्लेक्स दिसायचा. तिकडे बोट करून तो दरंदले सरांना म्हणाला, “सर, मी तर झोपलो न्हाई.”

“हो रे, तुझी मेहनत मला माहीत आहे.”

“मग माझ्यासारख्याचं काय लिव्हलंय त्याच्यावर?”

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, “अरे, तो फ्लेक्स नवीन ॲडमिशनवाल्यांसाठी आहे!”

गणेश हसला. खरंच हसला. तो रडला असता तर मी काहीतरी बोलले असते. तो हसला, म्हणून मी हातातला खडू मोडून टाकला आणि तासाला निघून गेले.

* * *

आमच्या स्टाफरूममधले पठारे सर इतिहास शिकवतात. शिकवणं उत्तम. पण इतिहासापेक्षा त्यांना स्वतःचा इतिहास जास्त आवडतो. कुठल्याही बॅचच्या पहिल्या तासाला ते मुलांना बजावणार, “पोरांनो, एक चूक करू नका. लव्ह मॅरेज! मी केलं, मी पस्तावतोय.” पोरं खिदळणार. आणि दुपारी हेच सर स्टाफरूममध्ये डबा उघडणार. त्यात शेंगोळी, कधी हुलग्याचं पिठलं, कधी डाळबट्टी, वर लिंबाची फोड वेगळ्या कागदात गुंडाळलेली. बोटं चाटत जेवणार!

मी एकदा म्हटलं, “सर, पस्तावा चांगलाच मानवतोय तुम्हाला.” तर म्हणाले, “मॅडम, गंमत असते ती.”

क्लासच्या स्नेहसंमेलनाला त्यांच्या बायकोला, शोभावहिनींना, पाहुणी म्हणून बोलावलं होतं. बुटकीशी, हसरी बाई. बक्षिसं देऊन झाल्यावर एका आगाऊ पोराने माईक हातात घेतला. “काकू, सर म्हणतात लव्ह मॅरेज करून पस्तावलो. खरं का?”

सगळा हॉल ओरडला. पठारे सर पहिल्या रांगेत बसून हसत होते. वहिनींना हे नवीन होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. वर्षानुवर्षं प्रत्येक बॅचला सांगितलेली गंमत, आणि जिच्यावर ती होती तिला पत्ताच नाही.

वहिनींनी माईक घेतला. हसू तसंच ठेवलं.

“मी डीएडचं दुसरं वर्ष सोडून यांच्याबरोबर आले. वडील बारा वर्षं बोलले नाहीत. लव्ह मी केलं बाळा. यांनी फक्त मॅरेज केलं!”

पोरांनी बाकं वाजवली. पठारे सरसुद्धा टाळ्या वाजवत होते, कारण सगळे वाजवत होते.

दुसऱ्या दिवसापासून सर मेसचा डबा खायला लागले. आम्ही कुणी काही विचारलं नाही. तासालाही ते आता थेट सातवाहनांपासून सुरुवात करतात.

* * *

एक छोटा. मी श्रीरामपूरची. आई तिथे असते, म्हणून शनिवारी एसटीने जाते. शेजारी एक मावशी बसलेल्या. राहुरीपर्यंत माझी सगळी चौकशी झाली.

“लेकरं किती?”

“नाहीत.”

“घरवाला?”

“वेगळे राहतो आम्ही.”

“आगं बाई! म्हातारपनी लई पस्तावशील बघ. बघायला कुनी नको का?”

मी दात आवळून विचारलं, “तुम्हाला किती आहेत, मावशी?”

“तीन हायेत ना मला!” मोठ्या अभिमानाने सांगितलं.

“कुठे असतात?”

“थोरला दुबईला. मधला पुन्याला. धाकटा बोलत न्हाई.”

मग पिशवीतून पेरू काढला, गुडघ्यावर ठेवून दोन तुकडे केले, आणि मोठा तुकडा मला दिला. खाल्ला मी. काय करणार!

* * *

आता माझाच सांगते. नाहीतर म्हणाल, दुसऱ्यांचंच सांगते.

मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती. संगमनेरला होतो आम्ही. कारण विचाराल तर त्याने माझी शाळेतली नोकरी मला न विचारता सोडवली, राजीनाम्यावर सही करेपर्यंत घरात कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि पुढे एकदा स्वतःच्या आईसमोर माझ्यावर हात उचलला. त्याच्या आईने टीव्हीचा आवाज वाढवला. हात उचलला त्याचं एकवेळ बाजूला ठेवा. तो वाढवलेला आवाज मला अजून ऐकू येतो. मी दुसऱ्या दिवशी बॅग भरून श्रीरामपूरला आईकडे आले.

आल्यावर महिनाभर मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मग एके दिवशी आईने आमटीला फोडणी दिली. बाजारातून आणलेला, काळा पडलेला कढीपत्ता. आणि मला एकदम संगमनेरच्या अंगणातलं माझं झाड आठवलं. वीतभर रोप होतं, मी वाढवलं होतं. खिडकीपर्यंत आलं होतं. मी ओट्यापाशी उभी राहून जी रडायला लागले, ती थांबेचना.

नेमकी त्याच वेळी दारात रत्नाआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण, चर्चच्या महिला मंडळात पुढे. तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, “रडतीय म्हणजे तिला परत जायचंय.”

झालं! रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळलं. आमच्या पाळकसाहेबांनी त्या दिवशी नेमका पश्चात्तापावर संदेश दिला. हा शब्द आमच्यात साधा नाही. बाहेरच्यांना पस्तावा म्हणजे हळहळ. आमच्यात पश्चात्ताप म्हणजे मागे फिरणं, देवाकडे वळणं. पाळकसाहेब ‘मागे फिरा’ म्हणाले की माझ्या बाकाकडे बघायचे, आणि बाकीच्या बायका पाळकसाहेब कुठे बघतात ते बघायच्या.

उपासना संपल्यावर दारात त्यांनी माझा हात हातात घेतला. “बाई, पश्चात्ताप झालाय तर संकोच करू नकोस. देव दार उघडं ठेवतो.”

“ते दार देवाचं नाहीये पाळकसाहेब. सासूबाईंचं आहे!”

रत्नाआत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं.

पण बातमी संगमनेरलाही गेलीच. पुढच्याच आठवड्यात दारात गाडी. नवरा आला नव्हता. त्याचे दोन काका आले होते. मोठे काका सोफ्यावर बसून समजुतीच्या आवाजात म्हणाले, “रडलीस म्हणे. म्हणजे जीव तिकडंच आहे तुझा. चल, झालं गेलं विसरून जाऊ.”

मी विचारलं, “झाड आणलंत का?”

“कसलं झाड?”

“कढीपत्त्याचं. मी त्याच्यासाठी रडत होते.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धाकटे काका अगदी सहज म्हणाले, “ते होय! ते तर तू गेल्यावर लगेच तोडलं. गाडी लावायला आडवं येत होतं.”

मी उठून आत गेले आणि दाराला कडी लावली. रत्नाआत्या अजूनही सगळ्यांना सांगते, पोरगी जायला तयार होती, पण एका झाडापायी संसार मोडला!

* * *

मग अर्थातच कोर्ट. कोर्टाच्या आधी समुपदेशन. समोर एक पिकल्या केसांचे गृहस्थ. वागायला सभ्य, बोलायला स्पष्ट. माझे वकील शेजारी.

“लग्न पसंतीने केलं होतंत?”

“हो.”

“कुणाची जबरदस्ती?”

“नाही.”

“म्हणजे तुमची इच्छा होती. बरोबर? आता तुम्ही म्हणता, पश्चात्ताप होतो. ज्याची मनापासून इच्छा असते त्याचा माणसाला पश्चात्ताप होत नाही. म्हणजे एक तर तेव्हाची इच्छा खोटी, नाहीतर आत्ताचा पश्चात्ताप खोटा. दोन्हींतलं काय, ते ठरवा.”

खरं सांगते, क्षणभर मी रागवायचंच विसरले. इतका नीट बांधलेला प्रश्न! दरंदले सरांना जन्मात जमला नसता. आणि मग राग आला तो असा की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कारण ह्या माणसासमोर रोज बायका बसत असणार. दोन्हींतलं एक निवडत असणार. ‘माझंच चुकलं असेल’ म्हणत घरी जात असणार.

मी म्हटलं, “साहेब, तुमच्या बोलण्यात एक गोष्ट धरलेली आहे. मला जे हवं होतं आणि मला जे मिळालं, ते एकच होतं, असं. मला संसार हवा होता. तो अजूनही हवासा वाटतो. पस्तावा मला मिळालं त्याचा आहे. दोन्ही खरं आहे.”

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुम्ही शिक्षिका का?”

“हो.”

“तरीच!”

बाहेर आल्यावर वकिलांनी कपाळाला हात लावला. “मॅडम, हात जोडतो. इथे इतकं बरोबर बोलू नका. तारीख वाढते!”

* * *

सुप्रियाचे वडील तिला न्यायला आले तो दिवस मी विसरणार नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ऊसवाले, घरचं बरं असलेले, पांढरेशुभ्र कपडे, पायात नव्या कोऱ्या चपला. पूर्वपरीक्षा पास झाली होती सुप्रिया. मुख्य परीक्षा पुढे होती. अण्णा पेढे घेऊन आले असतील असं मला वाटलं.

“मॅडम, पोरीला न्यायला आलोय. चांगलं स्थळ आलंय. पोरगा शुगर फॅक्टरीत परमनंट हाय.”

“आणि परीक्षा?”

“झाली की एक. पास झाली, लई आनंद हाय आमाला. आता बास.”

“अण्णा, ही अर्धीच झालीय. अजून...”

“हे बगा मॅडम. आमची पोरगी हुशार हाय, त्येचंच तर भ्या वाटतंय. वय गेल्यावर असं स्थळ येत न्हाई. मग बसंल पस्तावत.”

सुप्रिया दाराशी उभी होती. तिच्या पायाशी बॅग भरलेली. चेहऱ्यावर काही नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि माझा आवाज चढला.

“ती पस्तावेल, हे कशावरून?”

“मी सांगतोय की!”

“तिला विचारलंत?”

“तिला काय कळतंय?”

“पूर्वपरीक्षेत लाखभर पोरांच्या पुढे गेली ती! तिला कळत नाही?”

तोवर दरंदले सर धावत आले. “मॅडम, मॅडम! अण्णा, मनावर घेऊ नका, मॅडमचा स्वभावच तसा आहे.” आणि मला हळूच, “पालकांशी वाद नको. ह्यांच्या गावातून आपल्याकडे अजून पोरं यायची आहेत!”

मला सरांना काय बोलू आणि अण्णांना काय बोलू असं झालं. शेवटी अण्णांनाच म्हटलं, “तुम्ही स्वतः कधी पस्तावलात का हो कशाबद्दल?”

माणूस चिडेल असं मला वाटलं होतं. पण अण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, खरोखर विचार केला.

“मी? न्हाई बा. मला कंदी कुनी काय विचारलंच न्हाई.”

आणि वाकून त्यांनी पोरीची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

* * *

दोन आठवड्यांनी सुप्रियाचा फोन. “मॅडम, रविवारी पाहुणे येणार आहेत. तुम्ही याल का?”

“मी येऊन काय करू गं?”

“काही नका करू. नुसत्या बसा.”

दरंदले सर म्हणाले, जाऊ नका. माझी आई म्हणाली, लोकांच्या घरात पडू नकोस. रत्नाआत्या म्हणाली, ही गेली तर ते लग्न मोडलंच समजा! मी रविवारी पहाटेच उठले आणि कोपरगावची एसटी पकडली.

गावाबाहेर उसात नवीन बांधलेलं घर. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. मला पाहून अण्णांचा चेहरा पडला, पण दारात आलेल्या माणसाला बसा म्हणणारं घर ते. “बसा मॅडम,” म्हणाले. सुप्रियाची आई आतून पाणी घेऊन आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. डोक्यावर पदर, नजर खाली. तांब्या-भांडं ठेवलं आणि न बोलता आत गेली. 

पाहुणे चौघे. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मुलगा बिचारा चांगला वाटला, सारखा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बोलणारे एकटे मामाच. उसाचा उतारा, पाण्याचं आवर्तन, फॅक्टरीतलं राजकारण, सगळं झालं. सुप्रियाच्या आईने शिऱ्याच्या बशा आणून एकेकाच्या हातात दिल्या. वर काजू लावलेला. सुप्रिया येऊन समोरच्या खुर्चीवर बसली.

मामा तोंडात घास ठेवत म्हणाले, “आमी जुन्या वळनाचे न्हाई बरं का. पोरीला विचारल्याबिगर आमी पुढं जात न्हाई. काय गं, पसंत हाय ना?”

सगळे हसले. तो प्रश्न हसण्यासाठीच होता.

“नाही,” सुप्रिया म्हणाली.

मामांनी चमचा बशीत टेकवला.

“काय न्हाई? पोरगा?”

“मुलगा चांगला असेल. मला आता लग्न करायचं नाही. मुख्य परीक्षा द्यायचीय.”

“सुप्रिया!” अण्णा ओरडले.

मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “ऱ्हाऊ द्या. पोर हाय. हे बग बाळ, माज्या चुलतभावाची पोरगी. असंच म्हनली हुती. परीक्षा, परीक्षा. आता पस्तिशी गाठली तिनं. बसलीय पस्तावत.”

“तिनं सांगितलं तुम्हाला?” सुप्रियाने विचारलं.

“ती कशाला सांगल? दिसतंय की आमाला!”

“अण्णा,” सुप्रिया वडिलांकडे वळली. “मी परीक्षा दिली आणि पस्तावले, तर माझी मी पस्तावेन. तुमच्यावर ढकलनार न्हाई. पण आज तुमी मला ढकललं, आन् मी पस्तावले, तर मी कुनावर ढकलू? तुमच्यावर? ढकलू का?”

मुलाची आई पदर सारखा करायला लागली. मामांनी बशीतला शिरा चमच्याने एका बाजूला केला, आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

“मॅडम, तुमीच समजवा आता हिला. तुमी शिकल्याल्या. आन् तुमचंबी कानावर आलंय आमच्या. सोडलं ना तुमी घर? आता खरं सांगा, देवाची शपथ घेऊन. रातच्याला वाटत आसंल ना, ऱ्हायले असते तर बरं झालं असतं?”

इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं. झाड, तो टीव्हीचा आवाज, पाळकसाहेब, समुपदेशक, सगळे. मी खुर्चीवरून उठले. तोंड उघडलं.

तेवढ्यात सुप्रियाची आई आतून आली. हातात रिकामं ताट. ती मुलाच्या आईसमोर गेली आणि तिच्या हातातली बशी काढून ताटात ठेवली. मग मुलाच्या वडिलांची. मग मुलाची. त्याने मुकाट्याने दिली.

“आगं, काय करतीस?” अण्णा म्हणाले. “पाव्हन्यांचं खाऊन व्हायचंय अजून.”

ती मामांसमोर उभी राहिली. त्यांची बशी घेतली. अर्धा शिरा तसाच होता.

“झालं त्यांचं,” ती म्हणाली. आणि मामांच्या हातात राहिलेला चमचाही काढून घेतला.